शेपटीची मोटर

“राजा कुठाय ह्यात?” हिंदुराव पैलवानांनी विचारलं.

आमच्या गिरणीतल्या फरशीवर पिठाचा एक पातळ थर कायमचा असायचा. त्या थरात मी बोटाने एक लांबट काकडी काढली होती. काकडीला दुहेरी काठ, पोटात ठिपकेच ठिपके, मधोमध दोऱ्याचं भेंडोळं आणि मागे अर्धा डझन शेपट्या. गणेश मंडळाची पाच-सहा डोकी त्या काकडीवर वाकून उभी होती.

“राजा नाही,” मी म्हणाले.

“बरं, सेनापती?”

“तोपण नाही.”

“तट दिसतोय, आत माणसंबी दिसत्यात, आन राजाच न्हाई? मंग हुकूम कोण देतंय?”

“हुकूम या दोऱ्यात लिहिलेला असतो. एकच लांबलचक दोरा, दोन्ही टोकं एकमेकांना जोडलेली. आपल्या पेशीत त्याला वेगळी खोली असते. जिवाणूत तीही नाही. मधोमध उघड्यावरच पडलेला असतो.”

हिंदुरावांचं तोंड एवढंसं झालं. आमच्या विट्यात गणपतीपुढे सजीव देखावा करायची पद्धत. म्हणजे पुतळे नाहीत, जिवंत माणसंच सोंग घेऊन उभी राहायची. आमच्या आळीच्या देखाव्यात काहीही असो, राजा मात्र हिंदुरावच. मिशा त्यांनी त्यासाठीच राखल्या होत्या. पण त्या वर्षी वरच्या आळीच्या मंडळाने आमचा ठरलेला किल्ल्याचा प्रसंग आधीच जाहीर करून टाकला, आणि गावातला एकुलता एक पांढरा घोडाही सांगून ठेवला. हिंदुराव इरेला पेटले. “कुणाच्या बापाला जमणार न्हाई असं कायतरी सांग, वैजू,” म्हणत ते गिरणीत आले. मी नुकतीच सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. मला दुसरं सुचणार तरी काय? मी म्हटलं, जिवाणूची पेशी करूया. माणसांएवढी.

“मंग मी कोण?” हिंदुरावांनी विचारलं.

“तुम्ही भिंत.”

“भित्ताड?”

“साधंसुधं नाही, हिंदूदादा. आतून एवढा दाब असतो की भिंत नसती तर हा फाटकन फुटला असता. डॉक्टर पेनिसिलिन टोचतात ना, ते राजाबिजा शोधत बसत नाही. ते भिंतीचंच बांधकाम बंद पाडतं. भिंत ढासळली की कारभार आटोपला.”

हिंदुराव हळूहळू ताठ झाले. “म्हंजे वैरी येतोय तो भिंतीवरच.”

“भिंतीवरच.”

“झालं तर मग! तालमीतली सगळी पोरं भिंतीला!” मग एकदम आवाज उतरवून म्हणाले, “पर रोगाचा किडा नको हां. देवापुढं हुभं करायचंय.”

“हा गवतातला, मातीतला. कुणाच्या अध्यात ना मध्यात.”

इतका वेळ अण्णा, म्हणजे माझे वडील, कोपऱ्यात बसून चक्कीच्या दगडाला टाकी लावत होते. टाक टाक चालू होती. ते मान वर न करता म्हणाले, “आन ह्या शेपट्या? कुत्र्यागत हलवतो व्हय त्यो?”

“हलवत नाही, अण्णा. फिरवतो. प्रत्येक शेपटीच्या बुडाशी मोटर असते. शाफ्ट फिरतो तशी शेपटी गरागरा फिरते.”

टाक टाक थांबली.

“जित्या जिवात मोटर?”

“हो.”

“न्हाई,” अण्णा म्हणाले. “बैलाचा पाय बघ, माणसाचा खांदा बघ. सगळं फुडं-मागं हुतंय. जिवात गरगर फिरणारं कायबी नसतंय. फिरलं की शिरांना पीळ पडंल आन तुटतील.”

“त्याला शिराच नाहीत.”

“आन बेअरिंग?”

“भिंतीत कडी असते. बुशसारखी.”

“कुणी बसवली?”

“त्याची त्यानेच.”

अण्णांनी हातोडी खाली ठेवली. उभा जन्म त्यांचा पट्टे, पुल्या आणि बेअरिंगं यात गेला होता. गिरणी नीट चालते की नाही हे ते घरात जेवताना आवाजावरून सांगायचे. त्यांना बुशबद्दल सांगणं म्हणजे कोंबडीला अंड्याबद्दल सांगण्यासारखं होतं. “तू बघितलीस ती फिरताना?”

“शेपटी फार बारीक असते, साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. पण एकांनी तिचं टोक काचेला चिकटवून बघितलं, तर मागचा अख्खा जिवाणूच गरगरायला लागला.”

“एकांनी म्हंजे कुणी? तुझा कोण लागतो?”

सगळे हसले. मीही हसले असते, पण माझं चित्त वेगळ्याच ठिकाणी अडकलं होतं. पुण्याला एम.एस्सी.च्या यादीत माझं नाव लागलं होतं आणि गणपती उठले की तिथे हजर व्हायचं होतं. अण्णा त्यावर हो म्हणत नव्हते, नाही म्हणत नव्हते. फक्त कराडच्या एका स्पेअर पार्टवाल्याचा मुलगा किती सालस आहे हे अधूनमधून भिंतीला ऐकवत होते. त्या दिवशी मात्र सगळ्यांसमोर बोलून गेले.

“जे दिसत न्हाई, पटत न्हाई, त्येच्यापायी पोरगी पुण्याला धाडू? हे बघ वैजू. शेपूट फिरती हे मला पटवून दे, मी स्वतः तुला एष्टीत बसवतो. न्हाईतर कराडची माणसं बघायला येऊ देत.”

“चालंल!” माझ्याऐवजी हिंदुरावच ओरडले. “पैज लागली!”

त्यानंतर आळीत जो काही हलकल्लोळ माजला त्याला तोड नाही. आळीतल्या बायकांना मी रायबोसोम केलं. पेशीतले ते ठिपके म्हणजे रायबोसोम. दोऱ्यात लिहिलंय त्या क्रमाने मणी ओवून प्रथिनांच्या माळा करायच्या हे त्यांचं काम. आमच्या बायकांनी फुलं ओवायची असं ठरलं. विजेच्या माळेची दोन्ही टोकं जोडून दोरा केला, त्यात रंगीत दिवे. लाल दिव्याला झेंडू, पिवळ्याला शेवंती, हिरव्याला मरवा. खरं तर दोऱ्याची आधी नक्कल काढावी लागते आणि ओवणं त्या नकलेवरून होतं, पण नक्कल व्हायला आळीत माणूसच उरला नव्हता.

“बसून ओवलं तर चालणार न्हाई?” आईने विचारलं. ती मुख्य रायबोसोम होती.

“पेशीत बसायला कुठली जागा, आई? आणि पेशी चालणार आहे.”

“मंग पदरात फुलं घिऊन चालतच ओवायचं म्हण की. रोजच्या कामापेक्षा वेगळं काय त्यात?”

भिंतीच्या आतून पिवळ्या साडीचा पडदा लावला. हवं ते आत घ्यायचं, नको ते बाहेर ठेवायचं हे त्याचं काम. तालमीतली पोरं लांबट रिंगण करून बांबू कमरेशी धरून चालणार होती. जाडजूड भिंतीचे जिवाणू आमच्या प्रयोगशाळेतल्या रंगात जांभळे दिसतात, तेव्हा भिंत जांभळीच पाहिजे असा मी हट्ट धरला. मेडिकलमधून तोंड आल्यावर लावायच्या जांभळ्या औषधाच्या असतील नसतील तेवढ्या बाटल्या आणल्या आणि पैलवानांच्या बंड्या नि चोळणे घंगाळात बुडवून काढले. काचपट्टीवर रंग दिला की तो धरून ठेवायला वरून आयोडीन घालतात. हे मी तीन वर्षं डोळे मिटून करत आले होते. कापडालाही असं काहीतरी लागत असेल, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

राहिली शेपटी. मंडळाच्या पोरांनी सायकलच्या चाकाला दोर बांधून ती हाताने फिरवायचं ठरवलं. अण्णा दोन दिवस बघत होते. तिसऱ्या दिवशी त्यांच्याने राहवलं नाही.

“खोटंच दावायचं तर नीट तरी दावा,” ते गुरगुरले आणि गिरणीतली जादा मोटर काढून हातगाडीवर बसवली. पुलीने वेग उतरवला, बेअरिंगला ग्रीस भरलं, तबकडीला सहा दोर बांधले आणि त्यांची सैलसर वेणी घातली. मोटर सुलट फिरली की वेणीचा पीळ घट्ट बसायचा आणि सहा शेपट्यांची एक झोकदार शेपटी हवेत घुमायची. गिरणीपासून लांब केबल ओढली. जोडणी झाल्यावर अण्णांनी मोटरवरून हात फिरवला.

“आवाज बघ कसा गोड हाय,” ते म्हणाले. “आता ही हाय मोटर. किड्याला कुठनं आली?”

देखाव्याच्या दिवशी दिवेलागणीला आळी तुडुंब भरली. स्पर्धेचे परीक्षक पुढच्या खुर्च्यांवर बसले होते. माइक माझ्याकडे. पहिली फेरी अशी झाली की अंगावर मूठभर मांस चढलं. शेपटी घुमली, जांभळी भिंत डुलत डुलत पुढे निघाली, आत बायका “झेंडू! झेंडू! मरवा!” करत ओवत चालल्या, आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या. हिंदुराव भिंतीच्या अग्रभागी मिशांना पीळ देत होते. राजा नसल्याचं दुःख त्यांच्या तोंडावर औषधालाही उरलं नव्हतं.

मात्र हॅलोजनच्या उजेडात पैलवान घामाघूम झाले आणि भिंत पाझरायला लागली. आधी माना जांभळ्या झाल्या, मग हात, मग बांबू. हिंदुरावांनी घाम पुसला आणि मिशाही जांभळ्या झाल्या. परीक्षकांतल्या एका बाई कौतुकाने पुढे येऊन त्यांच्याशी हात मिळवून गेल्या, आणि जाऊन नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवून बसल्या. पुढचं तुम्ही ओळखालच.

दुसऱ्या फेरीआधी भिंतीतल्या एका पैलवानाचा पाय केबलमध्ये अडकला आणि मोटरच्या तिन्ही तारा निसटल्या. अण्णांनी धावत जाऊन आधी मेन स्विच पाडला. ते परत येईपर्यंत त्या भल्या पैलवानाने तिन्ही तारा पुसूनपासून, चोळूनमोळून हातात धरून ठेवल्या होत्या. “घ्या अण्णा,” तो अदबीने म्हणाला.

एक तार लाल होती, एक पिवळी, एक निळी. आता तिन्ही जांभळ्या होत्या.

“आरं, ह्यातली पिवळी कुठली?” अण्णांनी विचारलं.

“मघाशी हुती की,” तो म्हणाला.

लोक टाळ्या पिटत होते, परीक्षक घड्याळं बघत होते. तीन तारांतल्या दोन जरी इकडच्या तिकडे झाल्या तरी मोटर उलटी फिरते, हे अण्णांपेक्षा जास्त कुणाला ठाऊक? पण त्यांनी देवाचं नाव घेतलं, अंदाजाने तारा जोडल्या आणि स्विच टाकला.

मोटर उलटी फिरली.

वेणीचा पीळ बघता बघता सुटला. सहा दोर सहा दिशांना फाकले आणि सटासट भिंतीच्या पाठीत बसायला लागले. मागचे पैलवान बोंब ठोकत पुढच्यांवर आदळले, पुढचे आतल्या पडद्यावर, पडदा बायकांवर. अख्खा जिवाणू जागच्या जागी गिरक्या घ्यायला लागला. पदरातली फुलं उधळली. आईच्या हातची माळ उडून बंदोबस्ताच्या हवालदाराच्या गळ्यात पडली, त्याने ती हात जोडून स्वीकारली. हिंदुराव आडवे होता होता ओरडत होते, “भिंत सोडू नगा! भिंत सोडू नगा!”

मी अण्णांकडे बघितलं. त्यांनी स्विच पाडला होता आणि ते मुठी आवळून उभे होते. सबंध गावासमोर गिरणीवाल्या शंकर शेट्यांची मोटर उलटी फिरली होती. त्यांचा चेहरा मला बघवेना.

आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मला हसू फुटलं. असं फुटलं की माइक हातातून पडता पडता राहिला.

“पळू नका!” मी ओरडले. “हे असंच होतं! खरा जिवाणू असाच पोहतो! मोटर सुलट असते तोवर शेपट्यांची वेणी होते आणि तो सरळ जातो. मोटर उलटी फिरली की वेणी सुटते आणि तो असाच जागच्या जागी कोलांट्या खातो! कोलांटी खाऊन तोंड जिकडे होईल तिकडे पुन्हा निघतो! अण्णा, आता सुलट करा!”

अण्णा माझ्याकडे बघतच राहिले. मग खाली वाकून त्यांनी दोन तारा बदलल्या. दोघांनी दोर धरून वेणी पुन्हा वळली, कारण आमच्या जिवाणूला ते आपोआप जमत नव्हतं. पैलवान उठले, बांबू उचलला. मोटर सुरू झाली आणि मंडळी तोंड होतं तिकडे निघाली. तोंड नेमकं वरच्या आळीकडे होतं.

लोक खिदळत मागे धावले. हातगाडी ढकलत आम्हीही. वरच्या आळीच्या तोंडाशी पांढऱ्या घोड्यावर त्यांचा राजा तलवार उपसून बसला होता. समोरून जांभळ्या पैलवानांचं रिंगण शेपटी घुमवत येताना बघून घोड्याने विचार केला आणि राजासकट घरचा रस्ता धरला. आमची केबल संपली तिथे जिवाणू थांबला. मी आयुष्यात इतकी कधी हसले नव्हते. आई तर रस्त्यातच फतकल मारून बसली आणि डोळे पुसत म्हणाली, “अगं बया, मरते आता मी.”

पहिला नंबर आमचा आला. बक्षिसाची ढाल घेताना हिंदुरावांनी तीही जांभळी केली. विसर्जनाच्या मिरवणुकीत आमच्या आळीचे पैलवान लांबून ओळखू येत होते.

 देखाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीत मी चहा घेऊन गेले तेव्हा अण्णा मोटर जागेवर बसवत होते.

“लाज राखलीस माझी,” ते म्हणाले. “पर वैजू, येवढ्या माणसांत खोटं बोलायचं नव्हतं.”

“मी खोटं बोलले नाही.”

“माझी चूक झाकली. बाप हाय म्हणून झाकलीस, कळतंय मला.” त्यांनी पान्हा खाली ठेवला. “पर त्येच्यापायी शिकलेलं वाकवायचं नसतंय.”

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं, रागाने म्हणा, मायेने म्हणा. मी पैज जिंकायला नव्हे तर त्यांची अब्रू झाकायला खोटं बोलले असं हा माणूस धरून चालला होता. मी चहा ठेवला. “चला,” म्हटलं.

“कुठं?”

“कॉलेजात. गिरणी थोडी बंद राहिली तर गाव उपाशी मरत नाही.”

आमचे जंगम सर प्रयोगशाळेतच होते. भिजवलेल्या गवताच्या पाण्याचा एक थेंब मी काचेला टांगला, नळी खाली-वर करून नेमकी जागा पकडली आणि अण्णांना स्टुलावर बसवलं. त्यांनी टोपी काढली, जांभळ्या बोटांनी नळी धरली आणि एक डोळा मिटला.

“काय दिसतंय?” मी विचारलं.

“बारीक काड्या. वळवळत्यात.”  मग ते हळू आवाजात बोलायला लागले, माझ्याशी नव्हे, स्वतःशीच. “ही निघाली. सरळ चाललीय... चाललीय... आं? कोलांटी खाल्ली. आता तिकडं निघाली.” त्यांनी मान जरा पुढे घेतली. “ही दुसरी. सरळ... सरळ... कोलांटी. आयला!”

 सर भिंतीला टेकून गालात हसत होते. अण्णा डोळा काढेनात.

“वैजू,” बऱ्याच वेळाने ते म्हणाले. “आत तारा कोण बदलतंय?”

“तारा नसतात, अण्णा.”

“ते कळतंय गं मला. पर काल मी स्विच पाडला, मोटर थांबली, तवा कुठं तारा बदलल्या. चालती मोटर एकदम उलटी फिरवली तर पट्टा फेकून देती, चक्की फुटती. आन ही थांबतीय कुठं? सरळ चाललीय तवर कोलांटी, कोलांटी झाली की लगीच सरळ. येवढीशी मोटर न थांबता उलटी कशी हुती?”

 परीक्षेत हा प्रश्न आला नव्हता. पुस्तकात मोटर उलटी फिरते एवढंच लिहिलं होतं.

“मला माहीत नाही,” मी म्हणाले. पैज गेली असं मला वाटलं. कराडची माणसं पोहे खाताना दिसायला लागली.

“सर, तुमास्नी?”

“नाही, शेटेअण्णा,” सर म्हणाले. “काम चालू आहे त्यावर जगात. पण ती न थांबता नेमकी कशी उलटते, हे अजून कुणालाच नीट ठाऊक नाही.”

अण्णांनी तेव्हा कुठे डोळा वर केला. आधी सरांकडे बघितलं, मग माझ्याकडे. डोळ्याभोवती नळीचा गोल वळ उमटला होता.

“कुणालाच न्हाई?”

“कुणालाच नाही,” मी म्हणाले.

“मंग तू अजून हितं काय करतीयास?”

मी हसायला लागले आणि हसता हसता रडायलाच लागले. त्यांचा खांदा धरून तशीच वाकून उभी राहिले. अण्णांनी तोवर पुन्हा एक डोळा मिटून दुसरा नळीला लावलासुद्धा होता.

“सरक जरा तिकडं,” ते म्हणाले. “उजीड अडवतीयास.”